मॅकलॅरेन एफ१ : जगात फक्त १०६

• निर्मिती : वोकिंग, इंग्लंड, १९९२ ते १९९८. रचनाकार गॉर्डन मरे.

• रचना : चालक मधोमध, दोन प्रवासी दोन्ही बाजूंना, जरा मागे. सांगाडा कार्बन फायबरचा. बीएमडब्ल्यूचे ६.१ लिटर व्ही१२ इंजिन, टर्बोविना ६२७ अश्वशक्ती. उष्णता परतवण्यासाठी इंजिनकक्षाला चक्क सोन्याचा वर्ख.

• वेग : ताशी ३८६.४ किमी (१९९८).

• शर्यत : १९९५ची ले माँ जिंकली, मूळ गाडी मात्र रस्त्यासाठीच घडवलेली.

• संग्राहकांसाठी : रस्त्यावरच्या मूळ प्रकारच्या गाड्या ६४, शर्यतीच्या जीटीआर २८. एलएम आणि जीटी त्याहून कितीतरी दुर्मीळ. कमी धावलेल्या, मूळ सुट्या भागांसह जपलेल्या गाडीला सर्वाधिक मोल. २०२१मध्ये पेबल बीचच्या लिलावात एक गाडी दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली.