शोकेसमध्ये तुमचं काय आहे?

दसरा-दिवाळीची झाडलोट निघाली, की बैठकीच्या खोलीतली शोकेस कुणी आवरायची हे घरात विचारावं लागत नाही. ते काम तुमचंच! पण त्या शोकेसमध्ये तुमचं असं काय आहे, हे कधी पाहिलंत? वरच्या खणात 'ह्यां'ना कचेरीतून मिळालेली स्मृतिचिन्हं, मधल्या खणात मुलांचे कप, खाली लग्नात आलेला नि कधीच न वापरलेला सरबताचा सेट, आणि फट दिसेल तिथे वास्तुशांतीला आलेले गणपती. आईने दिलेला पितळी अडकित्ता मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत!

तेव्हा या खेपेला नुसती धूळ झटकू नका. एखाद्या निवांत दुपारी शोकेस पार रिकामी करा, वस्तू चादरीवर मांडा आणि त्यातल्या निम्म्याच परत ठेवायच्या असं ठरवून टाका. उरलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून खोक्यात ठेवा, चार महिन्यांनी अदलाबदल करा. (नणंदबाईंनी दिलेली फुलदाणी त्या यायच्या आदल्या दिवशी बाहेर काढायला विसरू नका हं!) सासूबाईंची वस्तू असेल तर ती त्यांना विचारूनच हलवावी.

डोळ्यांच्या उंचीचा मधला खण मात्र तुम्ही मागून घ्या. 'ह्यां'ची स्मृतिचिन्हं एक खण वर सरकली तर त्यांचा मान कमी होत नाही. कुरकुर झालीच, तर पुसायचं फडकं त्यांच्या हाती द्यावं!

अडकित्ता काय शोकेसमध्ये ठेवायचा, असं म्हणाल. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून या. दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून जमवलं ते काय? दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी. बायकांच्या हाताखालून गेलेल्या या वस्तू आज लोक तिकीट काढून पाहतात.

सावंतवाडीची लाकडी फळं पुष्कळ घरांत असतात. ती सुटी-सुटी न ठेवता एका लहान परडीत एकत्र ठेवा, शोभून दिसतात. तिथल्या गंजिफा मिळाल्या तर जरूर घ्या. हे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. ही कला मागे पडत चालली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना हाताशी धरून ती जगवली. सगळा डाव मांडायची गरज नाही. दहा अवतारांचे दहा राजे ओळीने उभे केले, की खण भरतो.

काळ्या वस्तूमागे फिकट पाठ हवी. बिदरी डबी गडद सनमायकापुढे ठेवली, तर तिच्यावरचं चांदीचं नाजूक काम कुणाला दिसायचंच नाही. मागे पांढरा जाड कागद लावून पाहा, लगेच फरक कळेल. जड पितळ खालच्या खणात. बुटक्या वस्तूंखाली कापड चढवलेली काड्यापेटी सरकवा.

आता निगेचं. पितळ चिंचेने खुशाल घासा, पण लगेच कोरडं करा. बिदरीला मात्र चिंच, लिंबू किंवा पावडर चुकूनही लावू नका! तिचा काळा रंग हेच तिचं रूप, तोच उडेल. मऊ फडक्याला खोबरेल तेलाचं बोट लावून पुसली की पुरे. लाखेच्या लाकडी वस्तूंना स्पिरिट आणि सेंट यांपासून दूर ठेवा, कारण लाख स्पिरिटात विरघळते. रंगवलेली लाकडी बाहुली किंवा भाजक्या मातीचा घोडा ओल्या फडक्याने पुसू नये. मुलांचा रंगकामाचा जुना ब्रश त्यासाठी उत्तम. शोकेसवर थेट ऊन येत असेल तर पडदा लावा, नाहीतर रंग विटतात. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात राहणाऱ्या मैत्रिणींनी, उघडीप मिळाली की काचा तासभर सरकवून ठेवाव्यात. बंद कपाटात ओल कोंडली की लाकडाला बुरशी धरते, आणि ती वस्तूंच्या मागच्या बाजूने धरते, म्हणून चटकन दिसत नाही.