तिरक्या टोकाची लेखणी

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की न्हावरे-चौफुला रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. शिरूर तालुक्यातून भीमा ओलांडून दौंडच्या हद्दीत जायचं, तर निम्मा वेळ कुठल्या तरी ट्रॉलीच्या मागे जातो. समोर असतं ते तिच्या फाळक्यावर रंगवलेलं अक्षर. मालकाचं नाव, गाव, पोरांची नावं, खाली ‘आईचा आशीर्वाद’. ही अक्षरं दोन जातींची असतात. एकीत पेंटरने आधी अक्षराची कड आखलेली असते आणि मग पोटात रंग भरलेला असतो. दुसरीत चपटा ब्रश एकदाच टेकवून ओढलेला असतो. दंड एका ओढीत, गोलाई एका ओढीत. पहिलं अक्षर नीटनेटकं दिसतं, दुसरं जिवंत. चपट्या ब्रशच्या अक्षराला जाड-बारीकपणा आपसूक येतो, आणि तो कुठे यायचा हे देवनागरीत फार पूर्वीच ठरून गेलं आहे. ते ठरवलं बोरूने.

हाताने अक्षरं काढणाऱ्या आणि रेखाटनं करणाऱ्या माणसाच्या खोक्यात आज साधनांची कमी नसते. निरनिराळ्या काळेपणाच्या पेन्सिली, ब्रशपेन, निबा, जपानी पेनं असं सगळं माझ्याकडेही आहे. पण त्यातलं सर्वांत आवडतं कोणतं, असं विचारलंत तर मी बोरू उचलेन. आणि नवशिक्याला सांगेन की तो आयता घेऊ नकोस, स्वतः काप.

बोरू म्हणजे पाणथळीत वाढणारा पोकळ नळ. ओली कांडी वाळताना आकसते आणि टोक धरत नाही, म्हणून जून झालेली, पिवळसर तपकिरी, करंगळीएवढ्या जाडीची कांडी निवडायची. पेराची गाठ वगळून वीतभर तुकडा घ्यायचा. एका टोकाला धारदार चाकूने लांब, उतरता काप दिला की जीभ तयार होते. आतला मऊ गर नखाने किंवा चाकूच्या अणीने खरवडून काढायचा. तो राहिला तर शाई पिऊन बसतो आणि नेमका नको तिथे ठिबकतो. मग दोन्ही खांदे तासून जीभ हव्या त्या रुंदीची करायची, मधोमध बारीक चीर द्यायची. शेवटचा घाव सगळ्यांत महत्त्वाचा. जीभ कठीण फळीवर सपाट दाबून धरायची आणि टोक एकाच दाबात तिरकं छाटायचं. चाकू मागेपुढे केलात की टोकाला कुसं राहतात आणि रेघेची कड फाटते.

आता हे टोक कागदावर ४५ अंशांत टेकवा. टोकाची रुंदी ६ मिलिमीटर असेल, तर उभा दंड साधारण ४.२ मिलिमीटर जाडीचा येतो आणि आडवी शिरोरेषाही तेवढ्याच जाडीची. एका तिरक्या दिशेला ओढलं तर पूर्ण ६ मिलिमीटर, त्याच्या काटकोनातल्या दिशेला ओढलं तर नुसती केसाएवढी रेघ. मनगट वळवायचं नाही, कोन सोडायचा नाही, दाब वाढवायचा नाही. अणकुचीदार निबेने लिहिताना जाडी दाबाने येते. इथे ती दिशेने येते. ‘क’ची गाठ, ‘ळ’ची दोन पोटं, ‘अ’ची मागची कमान जिथे फुगते आणि जिथे बारीक होते, तिथे हीच भूमिती चाललेली असते. हे एकदा हाताला कळलं की शंभर फॉन्ट पाहून जे कळत नाही ते कळतं.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. लेखण्या, शाई, कागद, कात्री यांची नीट जमवाजमव करा, समास सोडा, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं ठेवा, असं त्यात ते अगदी कारागिराच्या तपशिलाने सांगतात. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही, हा सल्ला तर आजच्या मोबाइलवर वाचणाऱ्यांनाही लागू आहे. त्यात आणखी एक अपेक्षा आहे: पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. बोरू हातात घेतल्याशिवाय या अपेक्षेचं वजन कळत नाही. बोरूचं टोक झिजतं, मऊ पडतं, पुन्हा पुन्हा छाटावं लागतं. दर छाटणीनंतर तीच रुंदी, तोच तिरकेपणा साधायचा आणि हजारो ओळी एकसारख्या उतरवायच्या. लेखनिकाची परीक्षा लेखणीइतकीच चाकूवरही होत असे.

पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद पाहिले की या चाकूचं काम डोळ्यांना दिसतं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेई आणि त्या रेघांना अक्षरं लटकवत जाई, हात शक्य तितका न उचलता. पेशवाईतल्या मोडीत बोरूची जाडी-बारीकी आहे. इंग्रजी अमलात धातूच्या निबेचा टाक आला. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघालेल्या पोलादी निबांनी जगभरच्या कचेऱ्या भरल्या, तशा आपल्याही भरल्या. मोडीची रेघ सडपातळ झाली, वेग वाढला, वळण बदललं. माझ्या मते त्यात अक्षराचं देखणेपण कमी झालं, पण कारकुनाला दिवसाकाठी किती कागद उपसायचे असत ते पाहता त्याला दोष देता येत नाही.

शाई काजळाची. दिव्याचं काजळ डिंकाच्या पाण्यात घोटायचं, आणि घोटायचं म्हणजे कंटाळा येईपर्यंत नव्हे, कंटाळा येऊन गेल्यानंतरही. कमी घोटलेली शाई वाळल्यावर भुकटी होऊन निघते. कागद आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नरला बनत असे. जुन्नरी कागदाचं नाव जुन्या व्यवहारात सतत येतं. हातकागदाला खळ देऊन दगडाने घोटला की त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, शाई पसरत नाही आणि बोरू अडखळत नाही. आजच्या झेरॉक्सच्या कागदावर बोरू चालवून शाई फुटली म्हणून लेखणीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी कागद बदलून पाहावा. साधा कार्ट्रिज कागदही पुष्कळ बरा.

घरी शाई घोटण्याचे दिवस मागे पडले त्याला एका मराठी घराचा हातभार आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. आधी घोड्याची छाप होती, मग उंट आला, आणि त्या उंटाच्या शाईवरूनच कॅम्लिन हे नाव झालं. पुढे सुभाष दांडेकरांच्या काळात रंग, ब्रश, चित्रकलेचं साहित्य असा पसारा वाढला. २०११मध्ये जपानच्या कोकुयोने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. शिरूरच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात आजही बहुधा हीच बाटली पुढे येते. बोरूसाठी मी त्यांची जलरोधक काळी ड्रॉइंग इंक वापरतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते: ती बोरूत वाळू द्यायची नाही, काम झालं की लगेच धुवायचं.

छापखाना आला तरी बोरू संपला नाही. १८३१मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं, तेव्हा दगडावरून उतरणारं अक्षर हाताचंच होतं. शिशाचे खिळे पाडणाऱ्यांनीही डोळ्यांसमोर ठेवलं ते बोरूचंच वळण. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली-बायका छापखाना चालवत असत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या १९२२मधल्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर पडलं. एवढा अवाढव्य ग्रंथ, त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका, आणि त्या प्रत्येक खिळ्यावर तिरक्या टोकाच्या लेखणीचा संस्कार. अक्षराच्या इतिहासात केडगावचं नाव क्वचितच घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

आता पुन्हा पेंटरकडे. त्याची साधनं थोडी: चपटे ब्रश, ऑइल पेंट, टर्पेंटाइन, खडू आणि दोरी. न्हावऱ्याजवळ एका शेडमध्ये पेंटर ट्रॉलीवर काम करत होता. “दादा, जरा दोरी धरा,” म्हणाला. खडूची भुकटी चोळलेली दोरी मी एका टोकाला धरली, त्याने दुसऱ्या टोकाला ताणली आणि मधोमध उचलून सोडली. टप्पकन एक सरळ पांढरी रेघ उमटली. खाली तशीच दुसरी. मग खडूने नुसत्या खुणा, कुठलं अक्षर किती जागा खाईल त्याच्या. काना-मात्रा-वेलांटीला वर किती सोडायचं, ऱ्हस्व-दीर्घ उकाराला खाली किती, हा त्याचा हिशेब तोंडी होता. डाव्या हाताची मूठ पत्र्यावर टेकवून तिच्यावर उजवं मनगट ठेवलं आणि ब्रश चालवला. ब्रश रंगात बुडवला की तो डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून घेई, त्यामुळे केस एका सरळ धारेत येत. ही धार म्हणजेच छाटलेल्या बोरूचं टोक. कोन तोच, दिशा त्याच. फक्त नळाऐवजी केस आणि कागदाऐवजी पत्रा.

फ्लेक्सने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या लोकांचं पुष्कळ काम हिरावलं. दुकानांच्या पाट्या गेल्या, वाढदिवसाचे फलक गेले. शाळेच्या भिंती, ट्रॉल्या, बियाण्यांच्या जाहिराती तेवढ्या उरल्या. दौंड जंक्शनच्या फलाटावरचं पिवळ्यावर काळं नाव वाचताना मी नेहमी ‘दौं’वरच्या दोन मात्रा आणि अनुस्वार पाहतो. एकाच अक्षराच्या डोक्यावर एवढी गर्दी, आणि तरी लांबून एका नजरेत वाचता यायला हवं. जागेचा हा हिशेब शिकायला याहून चांगला शब्द शोधूनही सापडायचा नाही.

अक्षरकलेतल्या मोठ्या नावांमध्ये र. कृ. जोशी, कमल शेडगे आणि अच्युत पालव ही तीन घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जोशींनी पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवली आणि विंडोजवरचा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्याच हातचा. कोट्यवधी लोकांनी तो नाव न जाणता वापरला. शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींना चेहरे दिले. वर्तमानपत्र उघडलं की नाटकाचा स्वभाव अक्षरातूनच कळे. २०२०मध्ये ते गेले. पालवांनी मोडीचा अभ्यास करून तिचा वेग देवनागरीत आणला. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

रेखाटनालाही बोरू तितकाच कामाचा. व्हॅन गॉगने १८८८मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये तिथलेच नळ कापून शेतांची, बागांची चित्रं काढली. ठिपके, तुटक रेघा, गवताचे फटकारे सगळं त्या एका टोकातून. घोडनदीचा काठ किंवा सिद्धटेकच्या वाटेवरची बाभळ काढताना मी टोकाची रुंदी खोडाला वापरतो, तेच टोक कडेवर उभं करून काटे काढतो, आणि शाई संपत आली की जी खरखरीत, अर्धवट रेघ येते तिने सावली. आधी पेन्सिलीने हलका आराखडा लागतोच. त्याला २बी पुरते, त्याहून मऊ घेतली तर शाईखाली काजळी माजते. प्रवासात बोरू आणि दौत सांभाळणं अवघड, तेव्हा पायलटचं पॅरलल पेन खिशात असतं. त्याला निबेऐवजी दोन सपाट पट्ट्या समांतर बसवलेल्या असतात, १.५पासून ६ मिलिमीटरपर्यंत काही ठरावीक रुंदी मिळतात. पेन उत्तम आहे. पण त्याचं टोक कारखान्याने ठरवलेलं असतं, आणि ५ मिलिमीटर हवे असतील तेव्हा ते काही करू शकत नाही.

दरवर्षी शिरूर-दौंडच्या शाळांतली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून पालकही आग्रह धरतात. त्यांत भूमितीबरोबर अक्षरलेखन असतं, आणि मुलं पट्टी-पेन्सिलीने चौकटी आखून त्यांत अक्षर बांधतात. ते शिकायलाच हवं. पण चित्रकलेच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्याच्या आधी काही तास बोरूला द्यावेत. चाकू शिक्षकांनी हातात ठेवावा आणि बोरू कापून द्यावेत. वहीची गरज नाही. वर्तमानपत्राचं पान आडवं धरलं की रकान्यांच्या उभ्या कडा आपोआप आखलेल्या ओळी होतात. पहिले काही दिवस अक्षर काढूच नये. नुसते दंड, नुसत्या आडव्या रेघा, मग दोन्ही दिशांच्या तिरक्या, मग अर्धी वर्तुळं, कोन न सोडता. त्यानंतर ‘व’ घ्यावा, कारण शिरोरेषा, दंड आणि गोलाई तिन्ही त्यात आहेत. ‘व’ बसला की पोटात एक तिरकी रेघ देऊन ‘ब’ होतो, आणि दंडाच्या उजवीकडे वळण काढलं की ‘क’.