आधी पत्ता, मग पगार

युरोपीय संघाबाहेरच्या प्रशिक्षित कामगारांसाठी जर्मनीने 1 मार्च 2020 पासून कुशल स्थलांतर कायदा लागू केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यामुळे आजवर पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांपुरता असलेला हा विषय परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालक यांच्याही घरांत बोलला जाऊ लागला. मात्र तेथील प्रशासनाचे बहुतेक व्यवहार माणसाच्या नोंदणीकृत पत्त्यावर अवलंबून असल्यामुळे नवागताची खरी कसोटी कामावर रुजू होण्याआधीच, घर शोधताना लागते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरी कार्यालयात रहिवासाची नोंद करणे बंधनकारक आहे. ‘आनमेल्डुंग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदीसाठी नुसता भाडेकरार चालत नाही. भाडेकरू खरोखर राहायला आला आहे, असे घर देणाऱ्याने लिहून द्यावे लागते. नोंद झाल्यावर 11 अंकी आजन्म करक्रमांक टपालाने येतो आणि तो दीर्घकाळ मिळाला नाही, तर पगारातील करकपात सहाव्या, म्हणजे सर्वांत जड करवर्गाने होऊ शकते. जादा कापलेली रक्कम पुढे परत मिळते हे खरे, पण हाताशी पैसा सर्वांत कमी असतो त्याच महिन्यांत ती अडकून पडते. तेथील इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात आणि टपाल आडनाव पाहून टाकले जाते, त्यामुळे टपालपेटीवर नाव चिकटवायचे राहून गेले तर हे सरकारी पत्र आल्या वाटेने परतही जाते.

घर मिळवणे हीच या साखळीतली सर्वांत अवघड कडी होय. म्युनिक, श्टुटगार्ट यांसारख्या शहरांत घरांची चणचण असल्याने घरमालक अर्जदाराच्या मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि ‘शुफा’ या संस्थेकडील पतनोंद मागतात, आणि नुकत्याच आलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच नसते. म्हणून प्रथम सुसज्ज खोली तात्पुरती भाड्याने घेण्याची रीत पडली आहे; मात्र त्या पत्त्यावर रहिवासाची नोंद करता येईल ना, हे आगाऊ विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. जाहिरातीत दिसणारे ‘थंड भाडे’ म्हणजे केवळ जागेचे भाडे, तर ‘उबदार भाड्या’त सामाईक देखभाल आणि बहुधा उष्णतेचा खर्चही धरलेला असतो, अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळजोडणी एवढेच असते. ओटा, कपाटे आणि शेगडी भाडेकरूने आणायची.

पगारपत्रक पाहूनही अनेकांना धक्का बसतो. आरोग्यविम्याचा 14.6 टक्के मूळ हप्ता आणि निवृत्तिवेतन विम्याचा 18.6 टक्के हप्ता नोकरदार व कंपनी निम्मा-निम्मा भरतात, त्यावर इतर हप्ते आणि कर असतात. त्या बदल्यात सार्वजनिक आरोग्यविम्यात उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. आजारपणात सामान्यतः सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. तसेच कामाचा दिवस संपल्यावर पुढचे काम सुरू होईपर्यंत सलग 11 तासांची विश्रांती देणे हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत कामाला उत्तरे देत राहण्याची भारतीय कार्यालयांतली सवय तेथे निष्ठेची खूण समजली जात नाही.

संगणक क्षेत्रात इंग्रजीवर निभावता येते, परिचारिकांचे तसे नाही. परिचर्या हा जर्मनीत नियमबद्ध व्यवसाय असल्याने भारतीय पदवीची तेथील अभ्यासक्रमाशी तुलना होते, उणीव आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते आणि साधारणपणे बी-2 पातळीची, म्हणजे कामकाजात स्वतंत्रपणे वावरता येईल इतकी, जर्मन भाषा अपेक्षित असते. ही मान्यता मिळेपर्यंत साहाय्यकाच्या दर्जावर आणि त्याच वेतनावर काम करावे लागू शकते. शिवाय परीक्षेतली जर्मन आणि श्टुटगार्टच्या वृद्ध रुग्णाची श्वाबी बोली यांत बरेच अंतर आहे. करारान्वये जाणाऱ्यांच्या तयारीत व्याकरणाबरोबर या बोलीलाही जागा मिळायला हवी.

उच्चशिक्षितांसाठीच्या ‘ब्लू कार्ड’वर असलेल्यांना, इतर अटी पूर्ण होत असल्यास, 27 महिन्यांनी आणि बी-1 पातळीची भाषा असल्यास 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. नागरिकत्वाचा विचार मात्र वेगळा आहे. जर्मनीने 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वास मुभा दिली असली तरी भारतीय कायदा ती देत नाही, त्यामुळे जर्मन पारपत्र घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ‘ओसीआय’ ही परदेशस्थ भारतीयांसाठीची नोंद घेता येते, पण त्या आधारावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते.