मातीचा आखाडा व मातीचें प्रेक्षागार

'स्टेडियम' हा शब्द आतां आपल्या मराठींत इतका रुळला आहे कीं, तो परका आहे याची आठवणही फारशी कोणास होत नाहीं. परंतु त्याचें मूळ पाहिलें असतां एक मोठी मौज दृष्टीस पडते. प्राचीन ग्रीकांच्या भाषेंत 'स्टेडियन' हें अंतर मोजण्याचें एक माप होतें. तें सुमारें सहाशें ग्रीक फुटांचें असे. ऑलिंपिया येथील धांवेची लांबी एवढीच होती व ती आजच्या मापानें सुमारें १९२ मीटर भरते. मापावरून त्या अंतराच्या शर्यतीस तें नांव पडलें, शर्यतीवरून धांवण्याच्या जागेस पडलें, आणि कालांतरानें त्या जागेच्या भोंवतीं बसून पाहणारांच्या पायऱ्यांसही तेंच नांव लाभलें. म्हणजे जो शब्द धांवणाराच्या पायांखालीं जन्मास आला, तो अखेरीस बसणारांच्या आसनाखालीं जाऊन पडला! शब्दाच्या या प्रवासांत क्रीडांगणांचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे, असें मला वाटतें. आमच्या अमरावतीच्या एका मैदानाची हकीकत सांगण्यापूर्वीं वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी, अशी विनंति आहे.

आपल्या पूर्वजांस ही वस्तु अपरिचित होती असें मात्र नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्य राजपुत्रांची अस्त्रविद्या लोकांस दाखविण्यासाठीं धृतराष्ट्राच्या अनुज्ञेनें रंगभूमि आंखवितात. झाडेंझुडपें नसलेली सपाट जमीन निवडली जाते, राजासाठीं व राजस्त्रियांसाठीं प्रेक्षागार बांधलें जातें आणि नगरजन आपापले मंच उभारतात. पुढील कथा सर्वांस ठाऊकच आहे. अर्जुनानें केलें तें तें कर्णही करून दाखवितो. परंतु द्वंद्वाची वेळ येतांच कृपाचार्य त्याचें कूळ विचारतात, आणि तो महाधनुर्धर मान खालीं घालतो. विद्यार्थ्यांस ही कथा शिकवितांना मला नेहमीं असें वाटे कीं, जेथें पाहणारांचा थाट हेंच मुख्य होऊन बसतें, तेथें खेळणाराच्या हातापेक्षां इतर गोष्टींची चौकशी अगोदर होते. क्रीडांगण कोणासाठीं, हा प्रश्न असा फार जुना आहे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें इसवी सन १९१४ या एकाच वर्षीं पृथ्वीच्या दोन टोंकांस दिलीं गेलीं. आणि दोन्ही ठिकाणीं कामाचा आरंभ माती खणण्यापासूनच झाला, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

त्यांपैकीं एक ठिकाण अमेरिकेंतील न्यू हेवन. तेथील येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा फुटबॉल म्हणजे आपण जाणतों तो पायानें मारावयाचा खेळ नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातांत धरून, प्रतिपक्षाच्या गड्यांस धडका देत पुढें घुसावयाचें असतें. या खेळाचें वेड तिकडे इतकें वाढलें कीं, लांकडी बांकें पुरेनात. हार्वर्ड विद्यापीठानें १९०३ सालीं घोड्याच्या नालाच्या आकाराचें सिमेंट काँक्रीटचें स्टेडियम बांधलें. त्याची स्पर्धा करावयाची म्हणून येलनें त्याहून मोठा बेत केला. चार्ल्स फेरी नांवाच्या स्थापत्यविशारदानें अशी युक्ति काढली कीं, मध्यभागीं जमीन खोल खणावयाची, निघालेली माती भोंवतालीं बांधाप्रमाणें रचावयाची आणि त्या उतारावर पायऱ्या बसवावयाच्या. अशा रीतीनें एका प्रचंड वाडग्याच्या आकाराचें प्रेक्षागार तयार झालें, म्हणून त्यास 'येल बोल' असेंच म्हणूं लागले. आंत जाण्यास बांधाच्या पोटांतून तीस भुयारें ठेविलीं होतीं. २१ नोव्हेंबर १९१४ रोजीं सुमारें सत्तर हजार लोकांसमोर येथें पहिला सामना झाला. पाहुण्या हार्वर्डनें यजमानांचा ३६ विरुद्ध शून्य असा धुव्वा उडविला! एवढा खर्च, एवढें खोदकाम व एवढा जनसमुदाय. परंतु त्या दिवशीं घरच्या संघाच्या खातीं एक गुणही जमा झाला नाहीं. भव्य स्टेडियम उभारल्यानें खेळ आपोआप सुधारतो असें मानणारांनीं हा आंकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट त्यापूर्वींची आहे. १९०५ सालच्या हंगामांत या खेळापायीं इतके तरुण प्राणास मुकले कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजाविलें. मैदानाची रुंदी वाढविली तर गडी पांगतील व धडका कमी होतील, अशी एक सूचना पुढें आली. परंतु हार्वर्डचें काँक्रीटचें बांधकाम नुकतेंच पुरें झालें होतें. तें मागें सारणें शक्य नव्हतें! तेव्हां रुंदी वाढविण्याचा विचार सोडून १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्याची मुभा देण्यांत आली. त्या सुधारणेनें खेळास नवें रूप आलें, हें खरें. तथापि खेळाडूंच्या जिवाचा प्रश्न समोर असतांही प्रेक्षकांच्या पायऱ्या जागच्या हलल्या नाहींत, हें विसरतां येत नाहीं.

आतां त्याच १९१४ सालच्या वऱ्हाडाकडे वळूं. त्या वर्षीं जूनमध्यें लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले आणि ऑगस्टमध्यें यूरोपांत महायुद्ध पेटलें. ज्या अमरावतीनें १८९७ सालीं सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरविलें होतें, जेथें दादासाहेब खापर्ड्यांसारखे टिळकांचे सहकारी राहत होते, त्या नगरीस राष्ट्रीय वृत्तीची उणीव नव्हती. कापसाच्या व्यापारानें पैसाही आला होता. उणीव होती ती शरीरबळाच्या पद्धतशीर शिक्षणाची. अशा वेळीं अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं अमरावतींत एक आखाडा सुरू केला. हीच पुढें नांवारूपास आलेली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था होय.

येथेंही माती खणली गेली. परंतु ती बसणारांसाठीं नव्हे. आखाड्याचा हौद कसा असतो हें आजच्या मुलांस सांगावें लागतें, म्हणून चार शब्द लिहितों. तांबडी माती चाळून, तिच्यांत तेल, ताक, हळद इत्यादि मिसळून ती मऊ करतात. ही माती रोज उकरावी लागते, नाहीं तर ती दगडासारखी घट्ट बसते व पडणाराचें अंग मोडते. आणि ती उकरण्याचें काम गडी-माणसाचें नव्हे. कुस्ती खेळणारानेंच फावडें हातीं घ्यावयाचें असतें. तो व्यायामाचाच एक भाग समजला जातो. शेजारीं जोर-बैठकांची जागा, मल्लखांब, लाठी व लेझीम. यांत प्रेक्षकासाठीं पायरी नाहीं. जो आंत आला, त्यानें कपडे काढून मातींत उतरावें हाच तेथील शिष्टाचार. या विद्या नव्यानें निर्माण केलेल्या नव्हत्या. मल्लखांबाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत आढळतो, आणि पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनीं त्या विद्येस पुनर्जीवन दिलें होतें. मंडळानें केलें तें हें कीं, या विखुरलेल्या विद्यांस शाळेचें रूप दिलें.

या दृष्टीनें १९२४ हें वर्ष मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्या सालापासून मंडळानें उन्हाळ्याच्या सुटींत व्यायामशिक्षणाचे वर्ग चालविले. ठिकठिकाणचे तरुण अमरावतीस यावयाचे, शिकावयाचे आणि परत जाऊन आपल्या गांवीं शिकवावयाचे. एक आखाडा असा अनेक आखाड्यांची जननी झाला. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीं देखील येथें व्यायामाचें शिक्षण घेतलें होतें. मोठें प्रेक्षागार बांधलें तर तें एकाच जागीं राहतें. शिक्षक तयार केला तर तो मैदान आपल्याबरोबर घेऊन जातो.

पुढें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले. वेर्नर मार्ख यांनीं बांधलेल्या तेथील विशाल स्टेडियमचा खालचा अर्धा भाग जमिनींत सुमारें बारा मीटर खोल उतरविलेला आहे. म्हणजे येथेंही खोदकामच! सुमारें एक लक्ष प्रेक्षकांची ती सोय नाझी राजवटीनें आपल्या वैभवाच्या प्रदर्शनासाठीं वापरली. याच सामन्यांत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धांवपटूनें चार सुवर्णपदकें मिळविलीं आणि ध्यानचंदांच्या भारतीय हॉकी संघानें १५ ऑगस्ट रोजीं जर्मनीस ८-१ असें हरविलें. त्याच प्रसंगीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिनला गेलें व त्यानें भारतीय व्यायामप्रकारांचीं आणि कबड्डीचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. ज्या खेळास ना चेंडू लागतो ना फळी, असा आपल्या अंगणांतला खेळ परदेशीयांनीं कौतुकानें पाहिला. पुढें १९४९ सालीं स्वीडनमधील स्टॉकहोम येथें, व्यायामाचार्य लिंग यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या 'लिंगियाड' महोत्सवांतही मंडळाचें पथक गेलें होतें.

कबड्डीची पुढील वाटचाल तर या वर्षांतील कष्टांचें फळच म्हणावी लागेल. महाराष्ट्रांतील संस्थांनीं विसाव्या शतकांत हुतुतूचे नियम घालून दिले. १९५० सालीं अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० सालीं बीजिंग येथील आशियाई स्पर्धेंत पदकासाठीं खेळावयाचा खेळ म्हणून तो मान्य झाला, आणि २०१० सालीं ग्वांगझो येथें स्त्रियांच्या कबड्डीसही तें स्थान मिळालें. पुरुषांच्या सामन्यास तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढेंच अंगण लागतें.

विद्यापीठाचा संबंध येथें उलट्या क्रमानें आला. अमेरिकेंत विद्यापीठ अगोदर व मैदान नंतर; आमच्याकडे मैदान अगोदर, त्यावर महाविद्यालय आणि मग विद्यापीठ. मंडळाचें शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९६७ सालीं निघालें, तेव्हां वऱ्हाड नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत होतें. १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ सालीं अकोल्यांतून निघालेला वाशीम, असे पांच जिल्हे आज त्याच्या कक्षेंत येतात. त्यास संत गाडगेबाबांचें नांव दिलें आहे, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. ज्या पुरुषानें गांवांत शिरतांच प्रथम खराटा हातीं घेतला आणि मगच कीर्तनास उभा राहिला, त्याच्या नांवाच्या विद्यापीठास आखाड्याचा धर्म निराळा सांगण्याची आवश्यकता नाहीं. जो उकरील, झाडील, त्याचेंच मैदान.

येथें कोणी म्हणेल कीं, प्रेक्षक नकोतच काय? तसें माझें म्हणणें नाहीं. सामना पाहून मुलांस स्फूर्ति येते, तिकिटांच्या उत्पन्नावर इतर खेळ चालतात, आणि येलचें तें वाडगें आज अमेरिकेंत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेंही जातें. प्रश्न प्रमाणाचा आहे. ज्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें अध्यापन केलें, तेथें प्रारंभीं चांगलें ऐसपैस मैदान होतें. पुढें वर्गखोल्या वाढल्या. मग सायकलींसाठीं छपरी आली. नंतर वार्षिक समारंभासाठीं कायमचा रंगमंच बांधला गेला. प्रत्येक बांधकामास सबळ कारण होतें व प्रत्येकाच्या उद्घाटनास आम्हीं टाळ्या वाजविल्या. अखेरीस मुलांस खेळावयास उरली ती कुंपणालगतची एक अरुंद पट्टी. मैदानें कोणी लुटून नेत नाहींत. तीं अशीं हप्त्याहप्त्यानें जातात. अमरावती-अकोल्याकडील किती पालक शाळेंत नांव घालतांना निकालाची टक्केवारी विचारतात, आणि किती जण मैदान दाखवा म्हणतात?

घरांतही तेंच. आजोबा, काका व नातवंडें एकत्र बसून दूरदर्शनवर सामना पाहतात, चर्चाही मार्मिक करतात. परंतु त्यांतील किती जणांनीं त्या दिवशीं घाम गाळलेला असतो? कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत बटुवेषधारी शंकर उग्र तप आचरणाऱ्या पार्वतीस, धर्माचें पहिलें साधन शरीर होय, अशी आठवण देतो. तपस्विनीस जें सांगावें लागलें, तें आमच्या परीक्षार्थी मुलामुलींस सांगण्यास संकोच कशाला?

म्हणून कर्त्या मंडळींस माझें एवढेंच सुचविणें आहे कीं, शाळेच्या पालकसभेंत पुढील वेळीं एक प्रश्न मैदानाविषयीं विचारावा, नव्या बांधकामाचा नकाशा निघाल्यास त्यांत खेळण्याची जागा किती उरते तें पाहावें, आणि मुलास व मुलीस सारखाच रोज एक तास मातींत पाठवावें. कपडे मळतील, ते धुतां येतात. पंचवीस लक्ष रुपयांची प्रेक्षकांची पायरी नसली तरी चालेल. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढी मोकळी जमीन मात्र प्रत्येक शाळेनें राखलीच पाहिजे.