अंगदुखीमागचे नैराश्य कोण ओळखणार?

सोयाबीन घरात येते, पण भाव पडलेला असतो. मानोरा तालुक्यातला एखादा शेतकरी महिनाभर दवाखान्याच्या चकरा मारतो. डोके दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. सलाइन लागते, ताकदीच्या गोळ्या मिळतात. ‘कशातच मन लागत नाही’ हे तो सांगत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. नैराश्य अनेकदा असेच शरीराच्या तक्रारी घेऊन येते.

शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात वाशिम होता. अडचण आहे ती तज्ज्ञांच्या संख्येची. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही.

२०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या पहिल्या तुकडीतल्या विद्यार्थ्याने मानसोपचार हा विषय निवडला, तर साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष आंतरवासिता आणि तीन वर्षे एमडी. एकही वर्ष वाया न जाता २०३३ उजाडेल. तोवर रुग्णासमोर असेल तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर.

त्याच्या शिक्षणात मात्र या विषयाची स्वतंत्र परीक्षा नसते. मेडिसिनच्या पेपरातले मोजके प्रश्न, वॉर्डातली काही आठवड्यांची पोस्टिंग आणि आंतरवासितेतले दोन आठवडे, एवढाच संबंध. जे परीक्षेला नाही, ते विद्यार्थी फारसे मनावर घेत नाहीत.

खरे तर सुरुवात दोन प्रश्नांनी होऊ शकते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटले का? नेहमीच्या कामातला रस गेला का? उत्तर ‘हो’ असेल, तर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट माणूस मोकळा होतो. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधीच सांगितले, तर रुग्ण गोळ्या मध्येच सोडत नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तज्ज्ञ हवेतच, पण पहिला प्रश्न विचारायला तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. घरात कोणी अबोल झाले असेल, तर हा क्रमांक जवळ ठेवा आणि फवारणीची औषधे कुलपात.