मुकादम नको, आपलं माणूस हवं

पुण्यात हल्ली लग्नाचं स्थळ सांगून आलं, की मुलगा नाहीतर मुलगी ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आहे हे हमखास ऐकू येतं. सकाळी हिंजवडीकडे निघालेली गाड्यांची रांग पाहिली तर वाटतं, यातले निम्मे तरी मॅनेजरच असतील! आईवडिलांना केवढं कौतुक. पण त्यांच्या हाताखालच्या पोरांना विचारा. माझा भाचा अशाच एका कंपनीत आहे. तो म्हणतो, ‘मावशी, मॅनेजर म्हणजे दर दोन तासांनी ‘कुठवर आलं?’ विचारणारा माणूस. परदेशातल्या साहेबाला ‘शुक्रवारी देतो’ म्हणून हा मोकळा होतो, आणि रात्री जागायचं आम्ही.’

मला हसूच आलं. ही तक्रार काही नवी नाही. आपल्याकडे मुकादम म्हटलं, की बांधावर छत्री धरून उभा असलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. मॅनेजर हा त्याचाच शिकलेला भाऊ. खरं तर त्याचं काम आपल्या घरकामासारखं आहे. नीट झालं तर कुणाला दिसत नाही, चुकलं की सगळ्यांना दिसतं. एवढं म्हणून त्याची बाजू संपते. ‘शुक्रवारी देतो’ म्हणण्याआधी ज्यांनी काम करायचं त्यांना विचारायला नको का?

मुकादम वेगळाही असू शकतो. मुंबईचे डबेवाले बहुतेक आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातले. त्यांच्याही टोळीला मुकादम असतो, पण तो स्वतः डबे वाहून तयार झालेला. टोळीतला एखादा आला नाही, तर डबे घेऊन तोच निघतो. अशा माणसानं ‘लवकर चला’ म्हटलं तर कुणाला राग येणार?

पण ज्याचा जन्म त्या कामात गेलेला नाही, त्यानं काय करायचं? याचं उत्तर पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या गोष्टीत आहे.

1990 च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागानं कचरा वेचणाऱ्यांसाठी काम सुरू केलं. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी त्यात होत्या. काम साक्षरतेचं. आता बघा, पहाटेपासून उकिरडे उपसून आलेल्या बाईला पाटी-पेन्सिलचं काय अप्रूप? या शिकलेल्या बाया आल्यात, चार प्रश्न विचारतील, वहीत लिहून नेतील, असं त्यांच्या मनात आलं नसतं तरच नवल.

वर्गात माणसं येत नाहीत म्हणून कागदोपत्री शेरा मारून गप्प बसणं सोपं होतं. या कार्यकर्त्या मात्र कचरा वेचणाऱ्या मुलांबरोबर फिरायला लागल्या, वेचायला लागल्या. तेव्हा खरी अडचण हाताला लागली. सगळा कचरा एकत्र सडतो, त्यातून कागद, काच, पत्रा शोधायचा. तोच माल घरातून वेगळा मिळाला तर कमाई वाढते आणि घाणीत हातही घालावा लागत नाही. मग तीसेक बायकांना ओळखपत्रं देऊन सोसायट्यांमधून असा माल गोळा करायची सोय केली. ओळखपत्र ही तुम्हा-आम्हाला साधी गोष्ट. पण पाठीवर पोतं घेतलेल्या बाईकडे पोलिस आणि वॉचमन आधी चोर म्हणूनच बघतात. तिच्यासाठी त्या कार्डाची किंमत फार मोठी.

थोड्याच दिवसांत एका व्यावसायिकानं तोच कचरा गाडीनं न्यायचा घाट घातला. बायकांची रोजीरोटी जायची वेळ आली, तेव्हा या कार्यकर्त्या त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. मला वाटतं, खरा विश्वास इथे बसला. साक्षरता वर्गाच्या कामात भांडण कुठे लिहिलेलं होतं? मे 1993 मध्ये पुण्यात मेळावा झाला, आठशेहून जास्त कचरावेचक आले. हमाल पंचायत उभी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांचा आधार होता. त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली.

2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. संस्थेच्या मालक या कष्टकरी बायकाच. कामाची घडी बसवायला समन्वयक असतात, आणि त्यांची अवस्था सासर-माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईसारखी. सोसायटीवाले म्हणणार गाडी उशिरा आली, महापालिका म्हणणार आकडे द्या, आणि कचरावेचक ताई म्हणणार, ‘चौथ्या मजल्यावरच्या बाई तीन महिने पैसे देत नाहीत, त्यांना कोण बोलणार?’ समन्वयक नुसता वरचा निरोप खाली देत बसला तर त्याचा मुकादम व्हायला किती वेळ लागतो? पैसे थकवणाऱ्या बाईंच्या दारात ताईबरोबर जाऊन उभं राहणं, हेही त्याचंच काम.

एक गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे. वापरलेली सॅनिटरी पॅड आपण तशीच डब्यात टाकतो आणि या बायकांना ती हातानं वेगळी करावी लागतात. ही तक्रार चारचौघांत बोलायची नाही. पण ती बोलली गेली आणि ऐकली गेली. संघटनेनं ती आपल्यापाशी दाबून ठेवली नाही. 2013 मध्ये गोळा केलेली पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली. घराघरांतही सांगितलं की पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. 2016 च्या घनकचरा नियमांत असा कचरा नीट गुंडाळून देण्याचं कलम आलं.

आमच्या महिला मंडळानं लाल ठिपक्याचं काम गल्लीत हाती घेतलं. पहिल्या दिवशी पत्रकं वाटली, कुणी वाचली नाहीत. मग कचरा घेणाऱ्या ताईबरोबर सकाळी सात वाजता आम्ही दोघी-तिघी दारोदार गेलो. ताई जिना चढता चढता सांगत होती, कुठल्या घरात कुणाशी बोलायचं, कुठे सासूबाईंसमोर विषय काढायचा नाही. आता आमच्या इमारतीतल्या अकरा घरांपैकी नऊ घरं ठिपका काढतात. उरलेल्या दोघींकडे जायला ताईनं रविवार धरायला सांगितलाय. त्या दिवशी म्हणे त्यांचे नवरे घरी नसतात.