रक्तदाता सुजाण व्हावा

शरद ऋतूत रक्तदुष्टीचे रुग्ण वाढतात व आम्हां वैद्यांच्या चिकित्सालयांत रक्तमोक्षणाचा विचार होऊ लागतो. याच सुमारास, १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन येतो. तो १९७५ पासून पाळला जातो. जनमानसात मात्र या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते. ‘अंगावर सारखे फोड येतात, रक्तदान केले तर रक्त शुद्ध होईल ना?’ हा प्रश्न आम्हांस नवा नाही.

रक्तमोक्षण ही रुग्णाची चिकित्सा आहे. रक्तदान हे निरोगी व्यक्तीने दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ करावयाचे कर्म आहे. सुश्रुताचार्यांनी रक्तास देहाचे मूळ मानले. जे दुष्ट रक्त आपण जळवांकरवी काढून टाकतो, ते दुसऱ्याच्या शिरेत कसे जावे? स्वतःच्या शुद्धीसाठी शिबिरात निघालेल्या रुग्णास थांबविणे हे वैद्याचे कर्तव्य होय.

तपासणी आणि सत्यकथन

दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी होते. ‘फुकट तपासणी होते’ म्हणून जाणारेही काही असतात. परंतु संसर्ग नुकताच झाला असेल तर तो तपासणीत न दिसण्याचा काळ असतो. थॅलेसेमियाच्या बालकास दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते. त्याची सुरक्षितता केवळ यंत्रावर नव्हे, तर दात्याने प्रश्नावलीस दिलेल्या खऱ्या उत्तरांवरही अवलंबून असते. चालू असलेली औषधे, आपण दिलेले कल्पसुद्धा, दात्याने तेथे सांगावीत.

परत पाठविलेला दाता

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे तो रक्तदानास अपात्र ठरलेला दाता. हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. साहजिकच अनेक भगिनी ‘आज घेता येणार नाही’ एवढेच ऐकून परततात. कोणास तो अपमान वाटतो, कोणी विसरून जाते. वस्तुतः पांडुरोग लवकर ओळखण्याची ती संधी असते. अतिरजःस्राव, कृमी, रक्तार्श, अल्पाहार यांपैकी मूळ कारण शोधूनच लोह वा मंडूर कल्पांची योजना करावी. प्रौढ पुरुषात कारण सापडत नसेल तर आंत्रगत रक्तस्रावाची तपासणी टाळू नये.

दानानंतर

४५ किलो वजनाच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर, तर ५५ किलोंहून अधिक वजन असल्यास ४५० मिलिलिटरपर्यंत रक्त घेता येते. द्रवांश एक-दोन दिवसांत भरून येतो. रक्तकणांस काही आठवडे लागतात, लोहाच्या साठ्यास त्याहूनही अधिक. म्हणूनच पुरुषांनी ९० व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर पाळावयाचे असते. नियमित दात्याने हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये यांसोबत आवळा वा लिंबू घ्यावे. जेवणालगतचा चहा टाळावा.

आपल्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे: ‘रक्तदान केव्हा केले? नाकारले गेले असल्यास का?’ शिबिरात वेळेअभावी न झालेला संवाद त्या एका ओळीतून आपल्याकडे सुरू होईल.